'वीअर्ड' : विचित्र होण्याआधी हा शब्द काय होता?

शब्दवेल

इंग्रजीतला 'वीअर्ड' आज आपण 'विचित्र', 'चमत्कारिक' या अर्थाने सहज वापरतो. या अर्थाला जेमतेम दोनशे वर्षं झाली आहेत. त्याआधीची हजारएक वर्षं हा शब्द नाम होता, विशेषण नव्हता, आणि त्याचा विचित्रपणाशी काही संबंध नव्हता.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इ.स. ११०० च्या आधीच्या इंग्रजीत, त्याचं रूप 'व्युर्द' असं होतं. उच्चारात 'यु' मोकळा म्हणायचा नाही. तोंडाने 'इ' म्हणायचं आणि ओठ मात्र 'उ'सारखे गोल ठेवायचे. जर्मन शिकलेल्यांना तो 'ऊ-उमलाउट' ओळखीचा असेल. शब्द स्त्रीलिंगी. एकवचनी षष्ठी-चतुर्थीला 'व्युर्दे', अनेकवचनी षष्ठीला 'व्युर्दा', चतुर्थीला 'व्युर्दुम'.

अर्थ मी तीन थरांत लावते. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात साधा थर : घडलेली गोष्ट, घटना. क्रुसाच्या स्वप्नाबद्दलची जुनी कविता (हस्तलिखित इटलीत व्हेर्चेल्लीला आहे) घ्या. तिच्या ७४ व्या ओळीत, ज्याचा क्रूस झाला ते झाड स्वतः बोलतं : आम्हाला जमिनीवर पाडलं, 'ती भयंकर व्युर्द होती'. तिथे 'नियती' बसत नाही. ती भयंकर घटना होती, एवढंच. दुसरा थर : माणसाच्या वाट्याला आलेलं, त्याचा भोग. आणि तिसरा : हे वाट्याला घालणारी शक्ती. बहुतेक लोकप्रिय लेखनात फक्त तिसरा थर सांगितला जातो आणि पहिला गाळला जातो. माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो, म्हणून हा धागा.

मूळ क्रियापद 'वेओर्थन', म्हणजे होणे. जर्मन 'वेर्डेन', डच 'वोर्डेन', आइसलँडिक 'वेर्था' ही त्याची भावंडं. तेव्हा व्युर्द म्हणजे 'जे झालं ते'.

---

कोकणकडा

छान विषय. दोन शंका.

१) 'वेओर्थन'मध्ये 'थ' आणि 'व्युर्द'मध्ये 'द'. एकाच धातूचे असतील तर हा फरक का?

२) संस्कृत 'वृत्' (वर्तते) आणि हे एकच, असं वाचलं आहे. ते खरं की ऐकायला सारखं वाटतं म्हणून जोडलेलं?

---

तळटीप

एकच. फक्त ध्वनिसाम्यावर सोडायचं नाही, पायऱ्या दाखवता आल्या पाहिजेत. दुसऱ्या शंकेचं उत्तर पहिलीतच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

मूळ भारोपीय (संस्कृत, इंग्रजी वगैरेंच्या समान पूर्वज भाषेतलं) रूप 'वृतिस्' असं धरतात. धातू 'वृत्', वळणे. 'ऋ' खराखुरा स्वर, आणि आघात (उच्चारातला जोर) शेवटच्या 'इ'वर.

पायरी १. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुळात) स्वर 'ऋ' गेला, त्याच्या जागी 'उर' आला. म्हणजे 'वुर्त-'.

पायरी २. ग्रिमच्या नियमाने (जर्मानिकमधल्या व्यंजनबदलाचा नियम) 'त'चा घर्षक, म्हणजे हवा घासत जाते असा, 'थ' झाला. संस्कृत 'त्रि' आणि इंग्रजी 'थ्री' यांतला तोच बदल.

पायरी ३. इथे व्हेर्नरचा नियम लागतो (कार्ल व्हेर्नर, डेन्मार्क, लेख १८७७ चा). आघात त्या व्यंजनाच्या आधीच्या स्वरावर नसेल, तर घर्षक 'थ' घोष (कंठ थरथरून म्हटलेला) होतो आणि पुढे पश्चिम जर्मानिकमध्ये त्याचा 'द' होतो. आपल्या शब्दात आघात नंतरच्या 'इ'वर होता, म्हणून 'द'. क्रियापदातच ही जोडी दिसते. वर्तमानात 'वेओर्थन', भूतकाळ एकवचनात 'वेआर्थ', पण अनेकवचनात 'वुर्दोन' आणि भूतकृदंतात 'वोर्देन'. आघात आता नाही, पण तो कुठे होता ते 'थ' आणि 'द' सांगतात. आणि वैदिक संस्कृतातले आघात याच्याशी जुळतात, हा या नियमाचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

पायरी ४. रूप झालं 'वुर्दिझ'. शेवटचा 'झ' गळाला. उरलेल्या 'इ'ने मागच्या 'उ'ला आपल्याकडे ओढलं, त्याचा 'यु' झाला. आणि मग 'इ' स्वतःच गेला, कारण आधीचं अक्षर गुरू होतं. अक्षर लघू असतं तर तो 'ए' बनून राहिला असता. 'विने' (मित्र) या शब्दात राहिला आहे तसा. म्हणून 'विने'ला शेपूट आहे आणि 'व्युर्द'ला नाही.

नॉर्सची (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेची) गंमत वेगळी. तिथे 'उ'आधीचा 'व' गळतो, म्हणून तोच शब्द 'उर्थर' होतो ('थ' इथे मऊ, घोष).

---

सांजवात

मग संस्कृत 'वृत्ति' हा व्युर्दचा सख्खा भाऊ म्हणायचा का? धातू तोच, अर्थही 'वर्तन, स्थिती'.

---

तळटीप

सख्खा नाही, चुलत. 'वृत्ति'मध्ये प्रत्यय '-ति' आहे, म्हणजे वृत् + ति, दोन 'त' एकमेकांना चिकटलेले. असे दोन दंत्य एकत्र आले की जर्मानिकमध्ये 'स्स' होतो. तसा शब्द आला असता तर 'द' दिसलाच नसता. व्युर्दमध्ये प्रत्यय नुसता '-इ' आहे. धातू एक, घडण वेगळी. ही चूक चांगल्या चांगल्या लेखांत दिसते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

वाटाड्या

आता मराठीकडे येऊ, कारण या धातूची पिल्लं आपल्या घरात खूप आहेत.

तत्सम उघड आहेत : वर्तन, वर्तमान, वर्तुळ, आवर्तन, निवृत्त, परिवर्तन. पण 'वृत्त'कडे जरा थांबून बघा. ते 'वृत्'चं भूतकृदंत. अर्थ 'वळलेलं' म्हणून वर्तुळ, आणि 'घडलेलं' म्हणून बातमी. वृत्तांत, वृत्तपत्र, इतिवृत्त. म्हणजे 'वळणे' वरून 'घडणे' आणि तिथून 'घडलेली गोष्ट', हा व्युर्दच्या पहिल्या थराचा प्रवास संस्कृतानेही स्वतंत्रपणे केला.

तद्भव जास्त मजेदार. 'वर्त्मन्' (चाकोरी, रस्ता), प्राकृत 'वट्ट', मराठी 'वाट'. 'र्त'चा मूर्धन्य 'ट्ट' झाला, मग जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. 'वर्तुल' पासून 'वाटोळा'. 'वर्ति' पासून दिव्याची 'वात', इथे 'त' दंत्यच राहिला. वळून केलेली ती वात. आणि दिवाळीचं 'उटणं' हे 'उद्वर्तन', अंगावर चोळून चोळून फिरवायचं ते.

सावधगिरी : 'वाटा' (हिस्सा) आणि 'वाटणे' (वाटप करणे) यांचा याच्याशी संबंध नाही. ते 'वण्ट्' पासून आहेत, हिंदीत 'बाँटना'मध्ये अनुनासिक अजून ऐकू येतो. 'वाट' आणि 'वाटा' शेजारी दिसतात म्हणून एका घरात ढकलू नका.

---

सांजवात

इंग्रजीतही अशी फसवी शेजारपाजाराची मंडळी असतील ना? 'वर्ड', 'वर्ल्ड', 'वॉर्ड', 'वर्थ'... सगळी व्युर्दच्या आसपास दिसतात.

---

शब्दवेल

आहेत, आणि चार जणांना चार उत्तरं द्यावी लागतात.

'वर्ड' (शब्द) वेगळा धातू, बोलणे या अर्थाचा. लॅटिन 'व्हेर्बुम' त्याच्या कुळातला.

'वर्ल्ड' म्हणजे 'वेर' + 'एल्द', पुरुष आणि वय. माणसाचं युग. हा 'वेर' म्हणजे संस्कृत 'वीर'. 'वेअरवुल्फ'मध्ये तोच आहे.

'वॉर्ड', 'वॉर्डन'मधला राखणीचा अर्थ आणखी तिसऱ्या धातूचा. पण 'टुवर्ड', 'होमवर्ड' यांतला '-वर्ड' मात्र आपला. तिकडे वळलेलं, त्या दिशेचं. उच्चार सारखे, कुळं वेगळी.

'वर्थ' (किंमत) मी या धाग्यात घेणार नाही, तो जोड वादाचा आहे. पण एक 'वर्थ' नक्की आपला. १६११ च्या इंग्रजी बायबलात यहेज्केल ३०:२ मध्ये 'वो वर्थ द डे' असं आहे. आजचा इंग्रजी वाचक तिथे अडखळतो, 'दुःखाची किंमत दिवस?' असं त्याला वाटतं. तो 'वेओर्थन'चा विध्यर्थ आहे : होवो. 'त्या दिवसाला दुःख होवो.' इंग्रजीतून हे क्रियापद मध्ययुगात गेलं, हे एक हाड मागे राहिलं.

जुन्या इंग्रजीत ते कर्मणीसाठीही वापरत. बखरींमध्ये 'वेआर्थ ऑफ्स्लॅगेन' हे पुन्हा पुन्हा येतं : मारला गेला. आपण 'गेला' म्हणतो, ते 'झाला' म्हणत. जर्मन अजून तसंच म्हणते.

---

हेमाडपंती

मुद्द्याचा प्रश्न : याचं मराठी भाषांतर काय करायचं? 'नियती' सगळीकडे टाकलं की काम होतं असं समजून चालतात.

---

वाटाड्या

होत नाही. एकेक शब्द तपासून पाहू.

'प्रारब्ध' आधी बाद करा. त्यात मागल्या जन्मीचं कर्म आहे, साठलेल्यातून फळायला लागलेला भाग आहे. व्युर्दमध्ये पुनर्जन्माचा हिशेब नाही. हा शब्द वापरला की वाचक एका अख्ख्या वेगळ्या दर्शनात जातो.

'दैव' हे देवापासून. व्युर्दच्या व्युत्पत्तीत देव कुठेच नाही.

'नियती' ही 'यम्' पासून, आवळून बांधलेली. तिसऱ्या थराला, शक्ती म्हणून आलेल्या व्युर्दला, चालते. पहिल्या थराला अजिबात नाही.

'विधिलिखित' मध्ये लिहिणारा आणि लिहिणं दोन्ही आहे. तेही नको.

माझी पसंती 'होणार' या साध्या शब्दाला. 'होणे' वरून 'होणार', जसं 'वेओर्थन' वरून 'व्युर्द'. 'होणारं चुकत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा 'होणार' हे नामच असतं. संस्कृत 'भवितव्य' ची घडणही अशीच, 'भू' वरून. एकच उणीव : 'होणार' पुढे बघतं, व्युर्द दोन्हीकडे बघते. झालेल्यालाही तोच शब्द.

बेओवुल्फ या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्याची ४५५ वी ओळ घ्या : 'गॅथ आ व्युर्द स्वा हीओ शेल'. शब्दशः : जाते नेहमी व्युर्द जशी ती जायची तशी. मी लिहीन : 'होणार ते आपल्या वाटेनंच जातं.' 'वाट' मुद्दाम घातली आहे, ती त्याच धातूची.

---

हेमाडपंती

पटलं. पण त्या ओळीत 'हीओ' म्हणजे 'ती' आहे. मग ती देवी नाही का झाली?

---

तळटीप

नाही, आणि ही फार जुनी चूक आहे. 'हीओ' हे व्याकरणाचं लिंग. शब्द स्त्रीलिंगी, म्हणून सर्वनाम स्त्रीलिंगी. आपण 'वेळ आली की ती कुणाला सांगून येत नाही' म्हणतो, म्हणून वेळ ही देवी ठरत नाही. देवी दाखवायची तर तिची पूजा, देऊळ, नाव घेऊन केलेली प्रार्थना, असं काहीतरी लागेल. व्युर्दबद्दल त्यातलं काही सापडत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना, विशेषतः जर्मनीतल्या, ख्रिस्ती कवितांच्या पोटात लपलेला जुना धर्म शोधायचा होता आणि व्युर्द त्यांना हाती लागली. एरिक स्टॅनली या अभ्यासकांनी १९६४-६५ मध्ये लेखमालेतून या शोधाची पद्धतशीर तपासणी केली. त्यांचा आक्षेप साधा होता : आपल्याकडे जो मजकूर आहे तो सगळा ख्रिस्ती मठांत लिहिलेला आहे, त्यात व्युर्द ख्रिस्ती अर्थाने चालते, मग शुद्ध जुना अर्थ तुम्ही कुठून काढता?

मात्र उलट टोकालाही जाऊ नये. लॅटिन-इंग्रजी शब्दसूचींत, ज्या आपल्याकडचं जवळजवळ सगळ्यात जुनं इंग्रजी आहेत, 'पार्काए' (रोमन दैवदेवता, तिघी) याच्यासमोर 'व्युर्दे' असं अनेकवचन लिहिलं आहे. म्हणजे माणसासारख्या दैवदेवतांसाठी हाच शब्द सुचला. तो निव्वळ भाषांतराचा उपाय होता की लोकांच्या मनात अशा तिघी होत्या, हे एका शब्दसूचीवरून ठरत नाही.

---

शब्दवेल

याच ठिकाणी राजा आल्फ्रेडचं नाव घ्यायला हवं. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या लॅटिन ग्रंथाचं जुन्या इंग्रजीतलं भाषांतर परंपरेने त्याच्या नावावर आहे. त्यात दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. देवाच्या मनातली योजना म्हणजे 'फोरेथॉन्क', आधीचा विचार. आणि ती योजना रोजच्या जगात घडत जाते ती 'व्युर्द'. आम्ही जिला व्युर्द म्हणतो ते देवाचं रोजचं काम, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. योजना आणि घडणं. 'घडणं' हा मूळचा अर्थ त्याने बरोबर उचलला.

मूळ लॅटिनमध्ये एकात एक फिरणाऱ्या वर्तुळांची उपमा आहे. इंग्रजी भाषांतरात त्याचं बैलगाडीसारखं गाडीचं चाक होतं. आस स्थिर, तो देव. आसाजवळचा तुंबा कमी हलतो, ती सगळ्यात चांगली माणसं. आरे मधली माणसं, एक टोक तुंब्यात आणि एक बाहेर. आणि पुठ्ठे, म्हणजे जमिनीला घासणारी बाहेरची कड, तिला सगळे धक्के बसतात. तरीही पुठ्ठे आऱ्यांना, आरे तुंब्याला आणि तुंबा आसाला धरून आहे. 'वळणे' या धातूचा शब्द समजावताना चाक घेतलं गेलं. भाषांतरकाराला व्युत्पत्ती ठाऊक असण्याचं कारण नाही, पण उपमा चपखल बसली आहे.

आपल्याकडेही दैव 'फिरतं', दिवस 'पालटतात', वेळ 'फिरते'.

---

दोन_ओळी

व्युर्द आणि विणकाम यांचा संबंध किती खरा? आंतरजालावर 'व्युर्दचं जाळं' म्हणून नऊ रेघांचं चिन्ह फिरतं.

---

तळटीप

चिन्ह आधुनिक आहे. जुन्या इंग्रजीत किंवा नॉर्समध्ये त्याचा पुरावा नाही.

विणण्याची उपमा मात्र क्वचित मिळते. इंग्लंडमधल्या एक्सटरच्या हस्तलिखितात एक यमकबद्ध कविता आहे, तिच्यात 'व्युर्दने हे माझ्यासाठी विणलं' अशी ओळ आहे. बेओवुल्फमध्ये 'रणयशाची विणकामं' असा शब्दप्रयोग येतो (ओळ ६९७), पण तिथे विणणारा देव आहे, व्युर्द नाही. एवढ्यावर जाळं उभं राहत नाही.

कताईचा धागा थोडा वेगळा. 'वृत्' पासून चातीचे शब्द खरोखर आले आहेत : जर्मन 'विर्टेल' (चातीची चकती), रशियन 'व्हेरेतेनो' (चाती), लॅटिन 'व्हेर्तिसिल्लुस' (चकतीच). म्हणून काहींनी व्युर्द ही मुळात सूत कातणारी असं सुचवलं. मला ते गरजेचं वाटत नाही. वळणे, होणे, झालेलं ही साखळी स्वतःच पुरते, आणि संस्कृत 'वृत्त' चाती न घेता त्याच जागी पोचलं आहे.

---

सांजवात

नॉर्सच्या तिघी दैवदेवता, म्हणजे नॉर्न, राहिल्या. उर्थर, वेर्थान्दी, स्कुल्द. भूत, वर्तमान, भविष्य असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

---

शब्दवेल

नावं फोडून बघितली की जास्त हाती लागतं. 'उर्थर' हीच व्युर्द. 'वेर्थान्दी' हे 'वेर्था' (होणे) याचं वर्तमान कृदंत, 'होत असलेली'. आपलं 'वर्तमान' त्याच धातूचं वर्तमान कृदंत आहे, प्रत्यय वेगळा एवढंच. 'स्कुल्द' मात्र दुसऱ्या क्रियापदाची. देणं लागणं, करणं भाग असणं. इंग्रजी 'शॅल' तेच, आणि वर आलेल्या ओळीतलं 'शेल'ही तेच. आइसलँडिक आणि स्वीडिश भाषांत 'स्कुल्द' म्हणजे आजही कर्ज, देणं. म्हणजे तिसरी 'भविष्य' असण्यापेक्षा 'फेडायचं राहिलेलं' आहे. तीन काळांची सरळ वाटणी ग्रीक-रोमन तिघींच्या नमुन्यावर बसवलेली वाटते. 'वोलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यात नावं आहेत, काळांची वाटणी नाही.

जन्माच्या रात्री येऊन आयुष्य ठरवणाऱ्या नॉर्न हेल्गी या वीराच्या नॉर्स काव्यात आहेत. आपल्याकडे सटवाई पाचवी-सहाव्या रात्री येते, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती कपाळावर लिहिते. कल्पना जवळची, पण शब्दाचं नातं नाही. सटवाई 'षष्ठी' पासून. आणि एक फरक ठसठशीत आहे : तिकडे दोरा वळतात, इकडे अक्षर लिहितात.

---

कोकणकडा

हे सगळं 'नियती'पर्यंत आलं. 'विचित्र' कुठे शिरलं?

---

शब्दवेल

एका जोडशब्दातून, आणि ते वर्षांसकट दाखवता येतं.

इंग्लंडमध्ये मध्ययुगाच्या शेवटी लॅटिनकडून आलेला 'फेट' आणि फ्रेंचमधून आलेला 'डेस्टिनी' यांनी व्युर्दची जागा घेतली. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कवी चॉसर लिहितो : 'विर्देस, ज्यांना आपण डेस्टिनी म्हणतो.' शब्द समजावून द्यावा लागतोय, म्हणजे तो मावळतीला लागला होता. स्कॉटलंडमध्ये मात्र तो जिवंत राहिला.

साधारण १४२० मध्ये अँड्र्यू ऑफ विंटन या स्कॉटिश मठाधिपतीने पद्यबखर लिहिली. तिच्यात मॅकबेथला स्वप्नात तीन बाया दिसतात आणि त्या 'वेर्द सिस्टर्स' असाव्यात असं त्याला वाटतं. म्हणजे नियतीच्या भगिनी. गॅविन डग्लसने १५१३ मध्ये पुऱ्या केलेल्या व्हर्जिलच्या स्कॉटिश भाषांतरात रोमन पार्काएंना हेच नाव दिलं. १५७७ मध्ये हॉलिन्शेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीत ती गोष्ट इंग्लंडमध्ये आली, सोबत खुलासा : म्हणजे जणू दैवाच्या देवी. शेक्सपिअरने 'मॅकबेथ' नाटकासाठी तिथून उचललं.

आता नाटक बघणाऱ्याला 'वीअर्ड' शब्द माहीत नाही, समोर मात्र दाढीवाल्या, हवेत विरणाऱ्या, कढईत काहीबाही शिजवणाऱ्या तिघी दिसतात. त्याने विशेषणाचा अर्थ दृश्यावरून लावला : अमानवी, अंगावर काटा आणणारं. १८१६ मध्ये इंग्रज कवी शेली एका कवितेत लिहितो की रात्र आपल्या निःशब्दतेतूनच एक 'वीअर्ड' नाद करते. तिथे नियती उरलेली नाही, फक्त गूढपणा आहे. तिथून 'विचित्र' एका पावलावर.

अख्खा शब्द एका जोडशब्दात अडकून वाचला आणि त्या जोडशब्दानेच त्याचा अर्थ बदलला.

---

दोन_ओळी

नाटकाच्या पाठाबद्दल एक भर. १६२३ च्या पहिल्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात) 'वीअर्ड' असं स्पेलिंग एकदाही नाही. तीन ठिकाणी 'वेवर्ड' आणि तीन ठिकाणी 'वेयर्ड' अशी रूपं आहेत, पहिल्या दोन अंकांत एक, पुढच्यांत दुसरं. 'वेवर्ड' म्हणजे तर हट्टी, वाकड्या वाटेचं. छापणाऱ्यांना शब्द ओळखता आला नाही, हे एक कारण सांगतात. लुईस थिओबाल्ड या संपादकाने १७३३ च्या आवृत्तीत हॉलिन्शेड ताडून 'वीअर्ड' दुरुस्ती केली, ती टिकली.

म्हणणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं : त्या शब्दाची दोन अक्षरं धरायची. 'द वे-यर्ड सिस्टर्स हँड इन हँड' याची आठ अक्षरं होतात आणि लय सरळ पडते. आजच्यासारखं एका झटक्यात म्हटलं की सातच उरतात आणि पहिला ठेका बिचाऱ्या 'द'वर येतो. तालमीत ही ओळ लंगडते ती याच कारणाने.

भाषांतर करताना 'चेटकिणी' हा शब्द रंगसूचनांपुरता ठीक. मॅकबेथ आणि त्याचा सहकारी सेनापती बँको स्वतः त्यांना 'वीअर्ड सिस्टर्स' म्हणतात, तिथे 'चेटकिणी' टाकलं की त्यांच्या बोलण्यावर मॅकबेथ एवढा विश्वास का ठेवतो तेच कळेनासं होतं.

---

सांजवात

स्पेलिंगची भर मीच घालते. 'आय आधी, ई नंतर' या शाळेतल्या नियमाला 'वीअर्ड' अपवाद आहे तो स्कॉटिश लेखनपद्धतीमुळे. तिथे स्वर दीर्घ आहे हे दाखवायला मागे 'आय' जोडत : 'हेड'चं 'हीड', 'डेड'चं 'डीड'. इंग्लंडचं आपलं रूप टिकलं असतं तर उच्चार 'वर्ड' (शब्द) सारखाच झाला असता.

आणि 'विचित्र' हा मराठी शब्दही असाच सरकलेला आहे. संस्कृतात तो 'रंगीबेरंगी, नानाविध, अद्भुत'. विचित्रवीर्य हे नाव कुणी 'चमत्कारिक' या अर्थाने ठेवलं नव्हतं.

---

हेमाडपंती

स्वतः शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करावी? आणि चुका कुठे होतात?

---

तळटीप

बॉसवर्थ-टॉलर हा जुन्या इंग्रजीचा शब्दकोश आंतरजालावर खुला आहे. त्यात शोधताना :

- काट्यासारखं अक्षर ('थॉर्न') आणि आडवी रेघ असलेला 'डी' ('एथ') हे दोन्ही 'थ'च आहेत. लेखनिक हवं ते वापरत. एका रूपाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा.
- शब्दाआधी 'ये-' (लिहिताना 'जी-ई') हा उपसर्ग असेल तर तो काढूनही शोधा. 'येव्युर्द' आणि 'व्युर्द' वेगळ्या नोंदी आहेत, अर्थ जवळचे.
- दक्षिणेच्या उशिराच्या पाठांत 'यु'च्या जागी 'इ' दिसतो आणि उलटही. रूप मिळत नसेल तर स्वर बदलून बघा.
- हस्तलिखिताचं छायाचित्र बघत असाल तर 'व'साठी 'विन' नावाचं रूनिक अक्षर असतं. ते हुबेहूब 'पी'सारखं दिसतं. नवशिके 'प्युर्द' वाचतात. छापील आवृत्त्यांत संपादक त्याच्या जागी 'डब्ल्यू' घालतात, आणि स्वरांवरच्या दीर्घत्वाच्या रेघाही संपादकांच्याच.

नोंद मिळाली की अर्थांच्या यादीवर थांबू नका. खालची उदाहरणं एकेक करून वाचा आणि प्रत्येकाला विचारा : इथे 'घटना' म्हटलं तर अर्थ लागतो का? लागत असेल तर 'नियती'कडे जायची गरज नाही. गद्यात बहुतेक वेळा लागतो.

---

कोकणकडा

शेवटची शंका. 'जशी व्युर्द असेल तसं' एवढंच असेल तर माणसाच्या हातात काही उरतं का? त्या बेओवुल्फ काव्यात नायक एवढा लढतो कशाला?

---

वाटाड्या

उत्तर त्याच काव्यात, ५७२-७३ ओळींत आहे, आणि ते तोलून बोललेलं आहे : 'व्युर्द पुष्कळदा वाचवते, ज्याची भरली नाही त्या वीराला, त्याची हिंमत चांगली असेल तर.'

तीन अटी आहेत. 'पुष्कळदा', नेहमी नाही. 'उनफॅये', म्हणजे ज्याची वेळ भरलेली नाही असा. आणि 'एलेन', हिंमत. 'आयुष्याची दोरी बळकट' या मराठी बोलण्यात दुसरी अट येते, तिसरी येत नाही. म्हणून भाषांतरात ती म्हण वापरायचा मोह होतो, पण आवरावा. मी असं केलं असतं : 'घटका भरली नसेल आणि छाती शाबूत असेल, तर होणारंही बहुधा माणसाला राखतं.'

यातला 'फॅये' (मरणाला टेकलेला) स्कॉटिशमध्ये 'फे' म्हणून राहिला आहे. आणि त्याच भाषेत व्युर्दही मूळ अर्थाने राहिली आहे, 'टु ड्री वन्स वीअर्ड' या वाक्प्रचारात. 'ड्री' म्हणजे जुनं 'द्रेओगन', सोसणे, तडीला नेणे. आपल्या वाट्याचं होणार सोसणे. तिथे 'वीअर्ड' अजून नाम आहे.